जानेवारीतच निकाल लावून टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, निम्मा सीझन झाला म्हणून चांगलं अर्धं पान आलं होतं, आधी त्याबद्दल मनापासून थँक्यू, कारण बास्केटबॉलला एवढी जागा मराठी पेपरात मी क्वचितच बघितलीय. पण त्यात एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) कोण ते ठरवून टाकलंत, फायनलला कोण ते ठरवून टाकलंत आणि खालच्या चार-पाच टीमना 'यांचा खेळ खल्लास' म्हणून मोकळे झालात, ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

माझी पावसजवळ हापूसची बाग आहे. थंडीच्या दिवसांत तिकडच्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतात, मी आणि माझा पुतण्या पडवीत मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून बघत बसतो आणि मग आठला फवारणीला बाहेर पडतो. त्या फवारणीच्या हिशेबाची जी वही आहे ना, तिच्या मागच्या पानांवर आम्ही दरवर्षी संक्रांतीला आमचे अंदाज लिहून ठेवतो आणि जूनमध्ये शेवटची पेटी गेली की ताडून बघतो. खाडाखोड करायची नाही असा नियम आहे.

2024 च्या पानावर एमव्हीपीपुढे 'एम्बीड' असं लिहिलंय, खाली दोन रेघा. फिलाडेल्फियाचा हा खेळाडू, सामन्यामागे पस्तिसेक पॉइंट काढत होता तो, आणि आम्ही लिहिलं त्याच्या आठवड्याभरात 22 जानेवारीला सॅन अँटोनियोविरुद्ध एकट्याने 70 मारले, पुतण्या नुसता नाचत होता. मग 30 जानेवारीला गोल्डन स्टेटविरुद्ध गुडघा गेला. पूर्ण सीझनमध्ये त्याच्या फक्त 39 मॅचेस झाल्या आणि अवॉर्ड डेन्व्हरच्या योकिचला गेलं, त्याचं तिसरं. आता हे नशीब म्हणून सोडून देता येत नाही, कारण 2023-24 पासून नियमच आहे की एमव्हीपी, बेस्ट डिफेन्डर असल्या अवॉर्डसाठी सीझनच्या 82 पैकी किमान 65 मॅचेस खेळायला पाहिजेत, म्हणजे फक्त 17 चुकल्या तर चालतात. एम्बीडच्या दुखापतीआधीच दहाच्या वर हुकल्या होत्या. आम्ही तो आकडा बघितलाच नव्हता, पॉइंट बघत बसलो. पुढच्या वर्षी बेस्ट डिफेन्डरला सॅन अँटोनियोचा वेम्बान्यामा लिहिलं, तेव्हा तर दुसरं नाव घ्यायलाच कुणी तयार नव्हतं, आणि फेब्रुवारीत त्याच्या खांद्यात रक्ताची गुठळी निघाली, 46 मॅचेसवर सीझन संपला, अवॉर्ड क्लीव्हलंडच्या इव्हन मोबलीला. त्याच वर्षी एमव्हीपीला लिहिलेला ओक्लाहोमाचा शाय गिल्जस-अलेक्झांडर मात्र बरोबर आला, 76 मॅचेस खेळला होता तो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तुम्ही जानेवारीत अवॉर्डचा तक्ता छापता तेव्हा प्रत्येक नावापुढे 'किती मॅचेस चुकल्या' हा एक रकाना द्या हो. ज्याच्या 41 पैकी 10 चुकल्यात त्याला उरलेल्या निम्म्या सीझनमध्ये 7 च चुकवता येतील, हे वाचणाऱ्याला कळलं की तो आपलं आपण ठरवेल.

आणि दुसरं, अवॉर्ड आणि प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) एकाच तराजूत तोलू नका. एमव्हीपीचं मत शंभर पत्रकार देतात, पहिल्या नंबरला 10 गुण, मग 7, 5, 3, 1, आणि ते सगळं प्लेऑफ सुरू व्हायच्या आधी. म्हणजे तिथे सीझनभराचा खेळ मोजला जातो, त्यामुळे जानेवारीत निदान दोन-तीन नावांपर्यंत तरी पोचता येतं. प्लेऑफला एकाच टीमशी सातपर्यंत मॅचेस, मेन प्लेअर चाळीस-चाळीस मिनिटं मैदानात, सीझनभर आलटून-पालटून खेळणारे दहा-अकरा जण होते त्यातले आठ उरतात, आणि ज्याला डिफेन्स जमत नाही त्याच्यावर समोरचे प्रत्येक वेळी बॉल घेऊन येतात. सीझनभर झाकलेलं तिथे उघडं पडतं. 2023 ला एमव्हीपी एम्बीड, त्याची टीम दुसऱ्या राऊंडला बाहेर, ट्रॉफी योकिचच्या डेन्व्हरला.

इंडियानाचंच बघा. 2024-25 ला पहिल्या 25 मॅचेसपैकी 10 जिंकलेली टीम, आमच्या वहीत तिचं नावसुद्धा नाही. शेवटी 50 जिंकून आपल्या ईस्टच्या गटात चौथी आली, 64 मॅचेस जिंकलेल्या क्लीव्हलंडला पाच सामन्यांत घरी पाठवलं आणि फायनलला ओक्लाहोमाशी सातव्या मॅचपर्यंत लढली, त्या मॅचमध्ये तिच्या हॅलिबर्टनचा पाय गेला नसता तर काय झालं असतं हे आम्ही दोघं अजून बोलतो. हीच टीम 2019 ला मुंबईत वरळीला खेळून गेली होती, त्यामुळे आमचा जीव तिच्यावर जरा जास्तच. बोस्टन 2022 च्या जानेवारीत 18 जिंकून 21 हरलेली, मग डिफेन्स बसला, फेब्रुवारीच्या ट्रेडमध्ये (टीमांमधली खेळाडूंची अदलाबदल) डेरिक व्हाइट आला आणि जूनमध्ये फायनल खेळली. मायामी 2023 ला प्ले-इनची (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीचे सामने) पहिली मॅच हरून आठव्या नंबरने आत आली आणि 58 जिंकलेल्या मिलवॉकीला चार-एकने हरवून थेट फायनलपर्यंत गेली. गटातल्या दहाव्या नंबरपर्यंतच्या टीमला प्ले-इन असतं, मग जानेवारीत अकराव्या-बाराव्या जागेवर असलेल्या टीमला 'खल्लास' कसं म्हणता?

तुमच्याकडे जागा कमी असते हे समजतं. पण नुसते जिंकले-हरले आकडे छापण्याऐवजी सरासरी किती पॉइंटच्या फरकाने जिंकतात-हरतात ते छापा, घरच्या मैदानावर किती झाल्या आणि बाहेरच्या किती उरल्यात ते छापा, कोण दुखापतीतून परत यायचाय ते छापा. आमच्याकडे बाग बघायला येणारा व्यापारीसुद्धा नुसत्या मोहोरावर भाव लावत नाही, फवारण्या किती झाल्या ते विचारतो, सुपारीएवढी कैरी फांदीला टिकलीय का ते हात लावून बघतो आणि मगच बोलतो.

इथल्या शाळेच्या ग्राउंडवर एकच रिंग आहे, जाळी नाही तिला, तरी रोज संध्याकाळी बारा-पंधरा पोरं असतात आणि तुमचं ते पान त्यांनी कापून वर्गात लावलंय. पेपरात आलं म्हणजे खरं असं मानणारी पोरं आहेत ती. त्यातल्या एकाची आवडती टीम तुमच्या 'खल्लास' यादीत आहे आणि तो सोमवारी खेळायलाच आला नाही. ऑल-स्टार मॅचसाठी सीझनमध्ये सुट्टी असते त्यानंतर, फेब्रुवारीचे ट्रेड झाले की हेच पान परत एकदा छापा, वर सांगितलेल्या रकान्यांसकट. तेही भिंतीवर लागेल.

आपला,
एक बागायतदार वाचक
पावस, जि. रत्नागिरी