सटीपर्यंत थांबायचं नाही

फोंडा

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

आई, फोनवर तू रडायला लागतेस आणि मूळ बोलणं बाजूलाच राहतं, म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही तिला वाचून दाखवा.

माझ्या रक्तात हेपॅटायटिस बी सापडला, पण मला कावीळ झालेली नाही. गरोदरपणात सगळ्याच बायकांचं रक्त तपासतात, त्यात कळलं. मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांच्या अंगातून हा विषाणू निघून जातो. जन्मताना झाली तर 100 मधल्या 90 मुलांच्या यकृतात तो ठाण मांडतो आणि पुढे सिरोसिस (यकृत निबर होऊन निकामी होणं) नाहीतर कॅन्सरची भीती.

ही लागण मुख्यतः बाळंतपणातच होते, आईच्या रक्तातून. म्हणून ‘ओल्या अंगाच्या पोराला सुई नको, सटी होऊं दे’ हे तुझं म्हणणं मी ऐकणार नाही. लस 24 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. शिवाय दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो 12 तासांत. लसीचा गुण यायला वेळ लागतो, तोवर ही तयार प्रतिपिंडं खिंड लढवतात. पुढचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना, पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतूनच. बाळ नऊ महिन्यांचं झालं की रक्त तपासून खात्री करायची. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, 2 लाखांच्या वर गेला, म्हणून 28व्या आठवड्यापासून रोज टेनोफोव्हिरची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी गोळी चालू आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, वाळपईला, हे मलाही हवं होतं. पण ते इम्युनोग्लोब्युलिन महाग, आणि आयत्या वेळी मिळेलच असं नाही. एका नर्सिंग होममध्ये विचारलं तर ‘तेव्हा बघू’ म्हणाले. तेव्हा म्हणजे कधी, रात्री दोन वाजता? बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नाव घातलंय, आधीच सगळं सांगून ठेवलंय. तिथून थेट तुमच्याकडेच येणार.

आल्यावर माझं ताट-पेला वेगळा काढू नकोस. जेवणातून, जवळ घेतल्याने हे पसरत नाही. बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नाही. ब्लेड आणि टूथब्रश मात्र ज्याचा त्याचा.

आता जे फोनवर बोलवत नव्हतं ते. मला हे बहुधा तुझ्याकडूनच आलं असावं, जन्मतानाच. तेव्हा सरकारी लसीकरणात ही लस नव्हती, देशभर ती 2011 साली आली. तुला कोण काय सांगणार होतं? दोष द्यायला लिहीत नाही. पण तुझं यकृत कसं आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आणि औषधं आहेत. तू, बाबा आणि दादा, तिघांनीही एचबीएसएजी, म्हणजे या विषाणूची रक्ततपासणी, करून घ्या. उपाशी जावं लागत नाही. ज्याला लागण झालेली नसेल त्याने लस घ्यायची. ह्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, पहिला डोस झालाही.

बाबा, ‘या वयात कशाला’ म्हणू नका. दादाला मी सांगते, नाहीतर तो रात्रभर गूगल करत बसेल. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. शेजारी काकूंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझी ना नाही.

तुमची,
बाय