वरच्या मजल्यावरच्या मुलास

चिरंजीव,

नाव लिहीत नाही. लिहिलं तर सोसायटीतले सगळे जुने फोन घेऊन तुझ्या आईच्या दारात उभे राहतील.

माझा वनप्लस 6, 2018चा. कंपनीकडून अँड्रॉइड 11पर्यंत आलं, पुढे काही नाही. काच शाबूत, बॅटरी नुकतीच बदललेली, तरी ह्यांचा तगादा, नवा घे. तू म्हणालास, "काकू, लिनिएजओएस टाकू. पण टाकणार तुम्ही, मी शेजारी बसणार." लिनिएजओएस म्हणजे कंपनीऐवजी बाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड, जुन्या फोनवरही चालणारं.

त्या रात्री तू काहीच सुरू केलं नाहीस, त्याचे आभार आधी. त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो, आणि तो केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं. "बॅकअप घेतलाय," म्हटल्यावर तू म्हणालास, "दाखवा." व्हॉट्सॲपचा निघाला आठ महिन्यांपूर्वीचा! आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीचे फोटो तर कुठेच नव्हते. दिवाळीच्या तोंडावर अर्ध्या गल्लीची मापं पुन्हा घेत बसले असते.

दुसऱ्या दिवशी फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या, मग अनलॉकची परवानगी देणारं ओईएम अनलॉकिंग चालू, आणि केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर 'फास्टबूट ओईएम अनलॉक' ही आज्ञा मीच टाइप केली. लिनिएजओएसची फाइल उतरवताना तू तिच्यातलं फोनचं सांकेतिक नाव मोठ्याने वाचायला लावलंस. वनप्लस सहाचं एन्चिलाडा, त्याच्या भावंडाचं, सहा-टीचं, फजिता. दुसरी टाकली असती तर खरोखरच फजिती. (फोनला खाण्याच्या पदार्थांची नावं ठेवतं तरी कोण?)

मग ते 47 टक्के. फाइल फोनवर चढताना कॉम्प्युटरवरचा आकडा तिथेच थांबला आणि खाली ओळ आली, 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस'. अरे, फेल की सक्सेस, एक काय ते बोल ना! माझा हात केबलकडे गेला, तर तू त्यावर वही ठेवलीस. "हे कधीकधी असंच म्हणतं. फोनकडे बघा." फोनवर सगळं नीट झालेलं होतं.

बँकेचं ॲप उघडत नाही, पण ते तू आधीच सांगितलं होतंस; ते आता ह्यांच्या फोनवर आहे. चालू करताना इशाऱ्याची पाटी येते आणि सासूबाई रोज म्हणतात, बिघडला. ती घालवायला बूटलोडर पुन्हा लॉक करायचा नाही, नाहीतर फोन उठणारच नाही, ही तुझी चिठ्ठी अजून कव्हरच्या आत आहे.

पैसे घेतले नाहीस आणि नोकरीला निघूनही गेलास. आईकडे कुर्ता दिलाय. माप त्याच फोटोंतलं, तू बारावीत असतानाचं. तंग झाला तर कळव.

खालच्या मजल्यावरची काकू