रोपांना देणगी मिळते, माणसांच्या पगाराला कोण देणार?

मा. संपादक,
लोकसत्ता
स. न. वि. वि.

गणपतीत तुम्ही 'सर्वकार्येषु सर्वदा'मधून दरवर्षी १० संस्थांची ओळख करून देता आणि वाचक भरभरून चेक पाठवतात, २०११ला हे सुरू झालं तेव्हापासून मी वाचतेय आणि मला हा उपक्रम फार आवडतो. त्यावरूनच थोडं लिहायचं होतं. मी पुण्यात निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मोठ्या देणग्यांचं काम बघते, म्हणजे जे लोक एका वेळी काही लाख किंवा कधी कोटीसुद्धा देऊ शकतात त्यांना भेटायचं, कामाच्या जागी न्यायचं आणि पैसे आल्यावर ते कुठे लागले ते नीट सांगायचं. या कामाबद्दल बाहेर कुणी फारसं बोलत नाही, आणि मग देणाऱ्यांच्या मनात बरेच गैरसमज तसेच राहतात.

नंदन नीलेकणींनी २०२३मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. ती बातमी सगळ्यांनी वाचली, पण त्याआधी त्यांनी ८५ कोटी दिलेले होते आणि १९७३ला ते तिथे शिकायला आले होते, म्हणजे ते नातं तोवर ५० वर्षांचं झालेलं होतं, हे किती जणांच्या लक्षात राहिलं? मोठी देणगी अशीच येते, हळूहळू, ओळखीतून. आता हॉस्पिटलला बरे झालेले पेशंट असतात, कॉलेजला माजी विद्यार्थी असतात, देवस्थानाला भक्त असतात. गिधाडाला कोण आहे? माळढोकाला, लांडग्याला कोण आहे? त्यांच्यासाठी जीव टाकणारी माणसं कुणीतरी शोधून जोडावी लागतात आणि त्याला वेळ लागतो.

गिधाडांचंच घ्या. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या देशात जवळजवळ ९९.९ टक्के संपली. गुरांना तेव्हा देत ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची किडनी निकामी होते, हे कळायलाच २००४ उजाडलं, मग २००६ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) हरियाणात पिंजोरला २००१मध्ये गिधाडं सांभाळण्याचं केंद्र सुरू केलं तेव्हा सुरुवातीचे पैसे ब्रिटिश सरकारच्या डार्विन इनिशिएटिव्ह या निधीतून आले, पुढे तिकडच्या आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेनेही बरीच वर्षं साथ दिली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडं घालण्याजोगं व्हायला ५ वर्षं तरी जातात. त्यांना खायला घालायच्या बकऱ्यासुद्धा आधी आठवडाभर ठेवून घ्याव्या लागतात, अंगात औषधाचा अंश राहू नये म्हणून. हे सगळं रोज, दिवाळीलासुद्धा, कुणीतरी माणूस करतो आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. त्याच पिंजोरची गिधाडं जानेवारी २०२४ला आपल्याकडे पेंच आणि ताडोबात आणली गेली. २००१ ते २०२४, एवढा काळ कुणी ना कुणी पैसे देत राहिलं म्हणून ते झालं!

आता आपल्याकडचा पैसा कसा येतो बघा. कंपनी कायद्यात सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी आली, २०१४पासून ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकामाला द्यावे लागतात, त्यात वन्यजीवही येतात, हे चांगलंच झालं आणि आमच्यासारख्या अनेक संस्था त्यावर उभ्या आहेत. पण नियमात प्रोजेक्ट जास्तीत जास्त ३ वर्षांचा, म्हणजे सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची ३. गिधाडाचं पिल्लू तोवर वयातही आलेलं नसतं. शिवाय २०२१पासून सीएसआरचे पैसे संस्थेच्या कॉर्पसमध्ये टाकता येत नाहीत. कॉर्पस म्हणजे जी रक्कम मोडायची नाही, फक्त तिच्या व्याजावर काम चालवायचं, तो पैसा. मग तो येणार कुठून? परदेशातून आणायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर अटी फार कडक झाल्यात, प्रशासनावर २० टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही आणि मोठ्या संस्थेला ते पैसे पुढे गावातल्या छोट्या संस्थेला देता येत नाहीत. राहता राहिली आपली इथली माणसं, स्वतःच्या खिशातून देणारी. म्हणून मी म्हणते की संवर्धनात मोठ्या वैयक्तिक देणगीला पर्याय नाहीये.

आणि माणसं देतात, हे मी अनुभवाने सांगते. फक्त पहिल्या भेटीत मागायचं नसतं. त्यांना कशाची ओढ आहे ते ऐकायचं, लहानपणी गावाकडे नदी होती का, घरात कुणाला पक्ष्यांचा नाद आहे का, पुढच्या पिढीतलं कोण यात लक्ष घालतंय. मग फिल्डवर न्यायचं आणि तिथे मी गप्प बसते, बोलायचं ते आमच्या संशोधकांनी आणि गावातल्या लोकांनी. रक्कम मागायची वेळ आली की आकडा स्पष्ट सांगायचा, 'जमेल तेवढं द्या' म्हणलं की समोरच्यालाही कळत नाही काय करायचं. ट्रस्टींनी आधी स्वतः दिलेलं असलं पाहिजे, त्यांनी दिलंय का हा प्रश्न आपल्याकडे देणगीदार हमखास विचारतात आणि बरोबरच आहे ते. सीएला विचारून सांगतो, हे तर ठरलेलं उत्तर, आणि नव्या कर पद्धतीत देणगीवर करसूट मिळत नाही हे सीए सांगतोच, तरी जो माणूस माळरानावर पहाटे लांडगा बघून आलाय तो बहुतेकदा देतो. त्यानंतर वर्षभर त्याला खरं सांगत राहायचं, पाऊस कमी झाला, पक्ष्यांनी घरटीच केली नाहीत, सगळं. दुसरी देणगी पहिलीपेक्षा मोठी येते ती यामुळे, असं माझं पक्कं मत आहे.

अडचण होते ती कशासाठी द्यायचं यावर. दहा हजार रोपं लावू, वडिलांच्या नावाने बोर्ड लावू, हे लगेच पटतं. बोर्डाला माझी काही हरकत नाही, वडिलांचं नाव चांगल्या कामाला लागावं असं कुणालाही वाटणारच. पण सुपे, सासवड भागातली माळरानं ही ओसाड जमीन नाहीये, तिथे चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी हे सगळं त्या गवतावर जगतं आणि तिथे खड्डे खणून झाडं लावली की त्यांचं घरच जातं. अशा वेळी देणगी नको म्हणायचं धाडस संस्थेत असावं लागतं, आणि ज्या जंगलात आपण काम करतो तिथेच खाण काढणाऱ्याचे पैसेसुद्धा नको म्हणता आले पाहिजेत. ते कधी जमतं, तर पुढच्या महिन्याच्या पगाराची काळजी नसते तेव्हा. पगार, गाडीचं डिझेल, अकाउंटंट, याला लोक ओव्हरहेड म्हणून नाक मुरडतात पण जंगलात खरं काम हेच आहे, वीस वर्षं एकच माळ बघणारा माणूस कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त सांगतो.

पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींना १९७०च्या दशकात वन्यजीव संवर्धनासाठीच्या गेटी पुरस्काराची मोठी रक्कम मिळाली तेव्हा त्यांनी ती निसर्ग संवर्धनाच्या फंडासाठी दिली, स्वतःकडे ठेवली नाही. स्वातंत्र्यानंतर बीएनएचएसची आर्थिक ओढाताण होती तेव्हा त्यांनी थेट नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला मागायला कमीपणा वाटला नाही, आमच्या कितीतरी तरुण संशोधकांना मात्र अजून वाटतो, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तुम्हाला विनंती एवढीच, की 'सर्वकार्येषु सर्वदा'मध्ये निसर्गाचं काम करणारी संस्था घ्याल तेव्हा तिथे किती माणसं पगारावर आहेत आणि त्यांचा पगार पुढची ५ वर्षं कुठून येणार हेही विचारून छापा. आणि आधी ज्या संस्थांची ओळख करून दिलीत त्यांच्याकडे काही वर्षांनी परत जाऊन वाचकांच्या पैशातून काय उभं राहिलं, काय राहिलं नाही, ते लिहा. मृत्युपत्र करताना देवस्थान आणि हॉस्पिटलच्या जोडीला एखादं माळरान किंवा जंगलही आठवावं असं ज्या वाचकांना वाटेल त्यांच्यासाठी ते कसं लिहायचं, कुठल्या संस्थेची कोणती कागदपत्रं बघायची, यावर एखाद्या वकिलाकडून लेख लिहून घेतलात तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, पुणे