ट्रेबुशेचा दांडा लोखंडाचा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की दरवर्षी पोरं ट्रेबुशे बनवायला आमच्या वर्कशॉपवर येतात. तोफा यायच्या आधी किल्ल्यावर दगड फेकायला जे यंत्र वापरायचे तेच हे, एका टोकाला जड वजन, दुसरीकडं लांब दांडा आणि दांड्याच्या शेवटाला गोफण. १३०१ साली रणथंभोरच्या वेढ्यात अलाउद्दीन खिलजीचा सरदार नुसरत खान मेला तो किल्ल्यातनं असल्याच यंत्रानं फेकलेल्या दगडानं. पोरांना हे सगळं माहीत असतं, यूट्यूब बघून तयारीनं येतात, पण आल्या आल्या मागणी एकच, काका पाइप कापून वेल्डिंग मारून द्या. सगळंच लोखंडाचं पाहिजे, आणि कधीकधी त्यांचे सरसुद्धा तसंच सांगून पाठवतात म्हणून हे पत्र लिहितोय.

लोखंड मजबूत आहे, वाद नाही. पण दांडा नुसता मजबूत असून भागत नाही, तो हलका पाहिजे. वजन खाली पडताना जी ताकद मिळते ती फेकायच्या बॉलला मिळायला पाहिजे, दांडाच जड केला तर त्यातली बरीचशी दांडा फिरवण्यातच जाते, आणि शाफ्टपासनं, म्हणजे दांडा ज्या आडव्या सळईवर फिरतो तिच्यापासनं, अंतर दुप्पट झालं की तिथल्या प्रत्येक ग्रॅमचा त्रास चौपट होतो. ४० बाय ४० ची २ एमएम जाड चौकोनी ट्यूब मीटरला जवळपास २.३ किलो भरते आणि त्याच मापाचं सागवान साधारण १ किलो. ट्यूब कमी वाकते हे खरं, मग लाकडाची उभी बाजू ६० एमएम घ्या, तरी दीड किलोच होतंय, आणि वर रंधा मारून टोकाकडं निमुळतं करता येतं ते वेगळं. पातळ ट्यूब घेऊ म्हणाल तर वेल्डिंगला भोक पडतं. एका कॉलेजच्या मशीनचा दांडा नेमका शाफ्टपाशी वेल्डिंगच्या कडेला चिरला होता, कारण सगळ्यात जास्त ताण तिथंच येतो.

लाकूड वखारीत जाऊन स्वतः बघून घ्या. गाठ नको, रेषा या टोकापासनं त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या पाहिजेत. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड स्वस्त मिळतं पण गाठी फार. बाभूळ चिवट आहे पण जड, ती दांड्याला नको. बजेट नसेल तर भरीव बांबू चांगला, फक्त त्याला ड्रिल मारू नका, फाटतो, दोन्ही बाजूनं पट्ट्या लावून घट्ट आवळा. आणि पीव्हीसी पाइप अजिबात नको, आपल्या सोलापूरच्या उन्हात तो वाकतो, जुना झाला की कडक होऊन फुटतो आणि तुकडे उडतात.

लोखंड वापरायचंय ना, मग फ्रेमला वापरा, अँगलचा त्रिकोण करा, फ्रेम जेवढी जड तेवढी चांगली. शाफ्टला २० एमएमचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत गोल सळई, आणि ६२०४ नंबरचं बेअरिंग, त्याचं भोक बरोबर २० चं असतं.

वजनाचा हिशोब पोरं अंदाजानं करतात. बॉलच्या शंभरपट धरा, म्हणजे लेदर बॉल १६० ग्रॅमचा तर १६ किलो, टेनिस बॉलला सहा किलोत काम होतं. वाळू स्वस्त पण जागा खाते, लोखंड त्याच जागेत वाळूच्या चार-पाचपट भरतं म्हणून राउंड बारचे कट पीस घ्या, लेथची चुरी नको, तिच्यात हवाच जास्त. शिसं आणखी जड असतं पण विषारी, त्यासाठी जुन्या बॅटऱ्या फोडायला पोरांना कुणी सांगू नये, हे मी हात जोडून सांगतो. आणि वजनाचा डबा दांड्याला फिक्स करू नका, लोंबकळता ठेवा, मग तो जास्त सरळ खाली येतो.

गोफणीची दोरी नायलॉनची घेतली तर ताणते आणि बॉल कधी वर कधी पुढं जातो. पॉलिएस्टरची घ्या, नाहीतर खाटेची सुती नवार. बॉल ठेवायच्या झोळीला जाड सुती कापड लागतं आणि ते सोलापुरात शोधायला लागू नये, जुन्या चादरीचा तुकडा दुहेरी शिवला की झाली. गोफण लांब दांड्याएवढीच ठेवून सुरुवात करा, बॉल सुटायची वेळ दांड्याच्या टोकाला गोफणीचा फास अडकतो तो खिळा वाकवून जुळवता येते.

इंग्लंडात वॉर्विक किल्ल्यावर २००५ साली जे मोठं ट्रेबुशे उभं केलं ते १८ मीटर उंच, २२ टनांचं, तेसुद्धा मुख्यतः ओकच्या लाकडाचं होतं.

सरांना एक विनंती, बॉल उलटा मागंही येतो, त्यामुळं पुढं आणि मागं कुणालाच उभं करू नका, सगळी पोरं बाजूला आणि ट्रिगरची दोरी निदान पाच मीटर लांब ठेवा. दांड्यासाठी लाकूड घेऊन या, पट्ट्या आणि शाफ्ट मी फुकट बसवून देतो.

आपला,
एक वर्कशॉपवाला वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर