निकाल कळला, डाव कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आपल्या क्रीडापानावर बुद्धिबळाची बातमी होती चार ओळींची. कोण जिंकलं, किती गुण झाले, संपलं. शेजारी क्रिकेटचा धावफलक मात्र अवांतर धावांसकट. चाली छापल्या तर वाचणार कोण, असं आपल्याला वाटत असावं. म्हणून एक जुना डाव सांगतो.

जानेवारी २०१३, नेदरलँड्समधलं विक आन झी. पांढरी मोहरी लेव्हॉन अरोनियनकडे, काळी आनंदकडे. आनंद तेव्हा जगज्जेता होता. तेराव्या चालीला अरोनियनच्या घोड्याने राजाजवळचं प्यादं खाल्लं आणि हत्तीवर मारा धरला. आपण मुकाट्याने हत्ती हलवला असता. आनंदने त्याच्याकडे बघितलंही नाही. पंधराव्या चालीला उंट प्याद्याच्या तोंडात नेऊन ठेवला, सोळाव्याला घोडाही तसाच!

मला सगळ्यात आवडते ती शेवटची चाल. पांढरा राजा कोपऱ्यात. त्याच्यासमोर एक घर सोडून प्यादं, त्यावर काळ्या वजिराचा डोळा. पांढरा वजीर तिसऱ्या ओळीतून दुरून त्या प्याद्याला जोर देतोय. आनंदने त्या ओळीच्या मधोमध उंट आणून ठेवला. शह नाही, मारामारी नाही, नुसता जोर तोडला. पटावर मांडून दाखवला की आमचे शेजारी दरवेळी म्हणतात, "अहो, उंट फुकट मिळतोय की!" वजिराने मारला तर घोडा वजीर घेतो, उंटाने मारला तर दोन चालींत मात. पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि काळ्याकडे एकच, तरी अरोनियनने तेविसाव्या चालीनंतर डाव सोडला.

जाणकारांना लगेच १९०७ सालचा, पोलंडमधल्या लोड्झ शहरातला रोटलेवी-रुबिनस्टाइन डाव आठवला, तोही काळ्याने अशीच मोहरी देऊन जिंकलेला. १०६ वर्षांपूर्वीचा डाव आठवू शकला, कारण त्याच्या चाली कोणीतरी छापून ठेवल्या होत्या. "काळा विजयी" एवढंच छापलं असतं, तर काय आठवणार होतं?

तेवीस चालींना जागा लागते बसच्या तिकिटाएवढी. रोज नको, रविवारी एक डाव आणि पटाची एक आकृती द्या. फक्त आकृतीत पांढरा उंट कुठला आणि काळा कुठला एवढं ओळखू येऊ द्या. मागे एकदा छापली होती तेव्हा सगळीच मोहरी राखाडी होती.

आपला,
एक वाचक, सांगली