मागच्या शेडच्या वीजजोडणीबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: मुख्य इमारतीपासून मागच्या शेडपर्यंत कायमची वीज नेण्याच्या अंदाजपत्रकावर हरकती व सूचना

महोदय,

नोटीस बोर्डवर लावलेल्या अंदाजपत्रकात 45 मीटर अंतरासाठी 4 चौ. मिमीची दोन तारांची केबल, प्लॅस्टिकच्या पाइपातून, एक फूट खोल चरात, आणि शेडजवळ स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा असं काम धरलं आहे. मुख्य पॅनलमध्ये 40 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) धरला आहे. ही कामं याच स्वरूपात मंजूर करू नयेत, अशी विनंती आहे.

सर्वात गंभीर भाग अर्थिंगचा. खड्डा खणला की शेड सुरक्षित झाली, असं अंदाजपत्रक गृहीत धरतं. खड्डा उत्तम लागला आणि रोध 10 ओहम आला, तरी फेज पंपाच्या बॉडीला चिकटल्यावर त्यातून फार तर 23 अँपिअर वाहतील. एवढ्यावर 40 काय, 32 चाही एमसीबी पडणार नाही. पंप चालू राहील आणि ओल्या फरशीवर उभं राहून त्याला हात लावणाऱ्याला धक्का बसेल. म्हणून इथे आरसीसीबी (जमिनीकडे होणारी वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि अंदाजपत्रकात तो कुठेच नाही. मुख्य पॅनलमध्ये 100 मिलिअँपिअरचा, थोडा उशिरा पडणारा (एस प्रकारचा), आणि शेडच्या डीबीत (वीज वाटपाच्या पेटीत) 30 मिलिअँपिअरचा घ्यावा. दोन्हीकडे 30 चे लावले तर शेडमधल्या किरकोळ गळतीनेही पॅनलमधला पडू शकतो, आणि वॉचमनला रात्री चाचपडत मुख्य इमारतीत यावं लागेल.

केबलमध्ये अर्थची तिसरी तार हवी. मुख्य पॅनलची अर्थपट्टी पुरवठ्याच्या न्यूट्रलपर्यंत धातूच्या वाटेने पोहोचत असेल, तर या तारेमुळे दोषाच्या वेळी एमसीबी झटक्यात पडेल. तशी वाट आहे की नाही, हे वायरमनने लूप इम्पिडन्स (दोषाचा प्रवाह ज्या वाटेने फिरतो तिचा एकूण रोध) मोजून सांगावं. 32 अँपिअरच्या सी कर्व्हच्या (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणाऱ्या प्रकारच्या) एमसीबीला झटक्यात पडायला 320 अँपिअरपर्यंत लागू शकतात, म्हणजे आकडा 0.72 ओहमच्या आत हवा. तो जास्त आला तर सगळी भिस्त आरसीसीबीवर असेल. शेडचा खड्डा राहू द्या, पण तो तिसऱ्या तारेसोबत एकाच अर्थपट्टीला जोडलेला असू द्या. शेडमध्ये न्यूट्रल आणि अर्थ मात्र कुठेही एकत्र जोडू नयेत. जोडले तर आरसीसीबी सारखा पडत राहतो, मग कोणीतरी तो बायपास करतं, आणि पुढे न्यूट्रल तुटला की पंपाची बॉडीच जिवंत होते.

आता केबलची जाडी. एक एचपीचा पंप, दिवे, पंखा आणि 16 अँपिअरचं एक सॉकेट मिळून 20 अँपिअर धरू. 45 मीटरवर 4 चौ. मिमी तांब्यात सुमारे 10 व्होल्ट वाटेतच कमी होतात, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. 6 चौ. मिमीमध्ये साडेसहा व्होल्ट, 10 मध्ये चार. पंप सुरू होताना प्रवाह काही क्षण पाचपट होतो, त्यामुळे 4 च्या केबलवर दर वेळी दिवे मंद होणार. चर एकदाच खणायचा आहे, तर 10 चौ. मिमीची, तीन तारांची, तांब्याची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल घ्यावी. खर्च कमी करायचाच असेल तर 16 चौ. मिमीची ॲल्युमिनियम जवळपास तेवढंच काम करते, पण टोकांना बायमेटॅलिक लग (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडणारी टोकं) नीट दाबलेले हवेत, नाहीतर जोड तापतो.

40 अँपिअरचा एमसीबी पंपासाठी धरला असावा. त्याची गरज नाही. सी कर्व्हचा 32 चा एमसीबी 160 अँपिअरच्या खाली झटक्यात पडत नाही, सुरुवातीचा झटका तो सहज सोसतो. उलट पाइपातल्या 4 चौ. मिमीच्या तारेवर 40 चा लावला, तर एमसीबी पडण्याआधी तारच भाजेल.

एक फूट खोली म्हणजे माळ्याच्या कुदळीची हद्द. चर 75 सेंमी खोल हवा, गाड्यांच्या रस्त्याखाली एक मीटर, आणि तेवढ्या भागात केबल जाड पाइपातून. तळाला 8 सेंमी चाळलेली वाळू, त्यावर केबल, पुन्हा 8 सेंमी वाळू, मग आडव्या विटा, आणि माती भरताना वरच्या थरात इशारापट्टी. वळण केबलच्या व्यासाच्या 12 पटींपेक्षा घट्ट नको. सीसीटीव्हीची तार त्याच चरात टाकायची असेल तर वेगळ्या पाइपातून, फूटभर अंतर ठेवून.

दोन्ही टोकांना पितळी डबल कॉम्प्रेशन ग्लँड (केबल पेटीत घट्ट धरणारी जोडणी) लावून आर्मर अर्थला जोडावा. केबल डीबीत खालून शिरावी. पाइपाचं तोंड सीलबंद केलं नाही, तर पावसाळ्यात पाणी त्यातून थेट बॉक्समध्ये उतरतं. शेडच्या डीबीत 40 अँपिअरचा दोन पोलचा आयसोलेटर (हाताने वीज बंद करायचा स्विच), आरसीसीबी, दिव्यांना 6 चा, सॉकेटला आणि पंपाला प्रत्येकी 16 चा एमसीबी पुरे. पंपाचा सी कर्व्हचाच असावा.

कंत्राटदाराकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. पहिली, वीज सोडण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरचं (तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राचं) वाचन, दोन्ही टोकं सोडवून. एक मेगाओहम हा किमान आकडा झाला. नवी केबल शेकड्यांत दाखवते, दोन-चार दाखवली तर कुठेतरी साल फाटली आहे. दुसरी, चर बुजवण्याआधीचे फोटो आणि भिंतीपासूनची मापं टाकलेला नकाशा. शेवटचं बिल या दोन्हींनंतरच द्यावं. वाढीव भार कॉमन मीटरच्या मंजूर भारात बसतो का, हेही कामाचा आदेश देण्याआधी सचिवांनी वीजबिलावरून पाहावं.

सुधारित अंदाजपत्रक पुढच्या सभेआधी बोर्डवर लागावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सभासद, बी विंग