जांघेतल्या गाठीबद्दल

प्रिय ओंकार,

तुझा मेसेज वाचला. जांघेत गाठ आलीये, दुखतेय, आणि गुगलवर नको नको ते वाचून झोप उडालीये. आधी सांग, फुटबॉल खेळताना अंगठ्याचं नख उखडलं होतं ते भरलं का? कारण बाळा, ही बहुतेक त्याचीच गाठ, अवधाण आलंय तुला. पायाला लागलं की जांघेत येतं, हाताला लागलं की काखेत, घसा सुजला की जबड्याखाली.

रक्तवाहिन्यांतून रोज थोडं पाणी बाहेर झिरपत असतं, ते गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचं वेगळं जाळं आहे, त्या पाण्याला लिम्फ म्हणतात. त्याला हृदयासारखा पंप नाही, तू चालतोस, पोटऱ्या आवळतात, त्याने ते वर सरकतं आणि झडपा असतात म्हणून मागे येत नाही. वाटेत ठिकठिकाणी ह्या गाठी, अंगभर पाचेकशे तरी असतील.

नख उखडल्यावर काही तासांतच पांढऱ्या पेशी तिथे धावल्या, पू दिसला ना तुला, तो त्यांच्यातल्या मेलेल्यांचाच. पण दुसऱ्या काही पेशी जंतूंचे तुकडे घेऊन लिम्फमधून जांघेतल्या गाठीत जातात, तिथे टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी लाखोंनी असतात, प्रत्येकीला वेगळाच जंतू ओळखता येतो, बहुतेकींचा ह्या जंतूशी संबंधच नसतो, पण जिला तो ओळखू येतो ती थांबते आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार करत चार-पाच दिवसांत हजारो होते. म्हणून गाठ फुगते, दुखते. काही पेशी आठवण ठेवून वर्षानुवर्षं मागे राहतात. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टरला दिसलं की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांना तो परत झालाच नाही, ६५ वर्षांनी सुद्धा! मला हे अजून अद्भुत वाटतं रे.

आणि हे जाळं बिघडलं की काय होतं ते आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे तू बघितलंयस. हत्तीपायाचे किडे डासामुळे अंगात शिरतात आणि ह्याच वाहिन्यांत कित्येक वर्षं राहतात, वाहिन्या निकामी होतात, पाणी साचतं, मग त्या पायाला साधी चीर पडली तरी जंतू शिरून थंडीताप भरतो, म्हणून त्यांना पाय रोज साबणाने धुवून कोरडा करायला सांगतात. हत्तीपायाच्या सरकारी गोळ्या वाटायला येतात तेव्हा सुट्टीत घरी असलास तर समोरच गिळायच्या, खिशात टाकायच्या नाहीत.

आता तुझं. जखम साबण-पाण्याने धू, कोरडी ठेव, गाठ चोळू नको, शेकून फोडायच्या भानगडीत पडू नको. रूममेटचं उरलेलं अँटिबायोटिक घ्यायचं नाही, आणि इम्युनिटी वाढवायची पावडर तर मुळीच मागवू नको. ताप आला, पायावर लाल रेघ वर चढताना दिसली किंवा गाठ फारच लाल-गरम झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, वाढतच गेली, किंवा न दुखता कडक लागली तरी दाखवायची, तेव्हा टाळाटाळ नको. धनुर्वाताचं इंजेक्शन तू १६ व्या वर्षी घेतलंयस, डॉक्टरला ते सांग.

संध्याकाळी फोन कर आणि आधी थर्मामीटर लावून बघ.

तुझी आई